थेटराचं छप्पर

आमच्या कळंब्याच्या घराला स्लॅब का न्हाय, ते सांगतो. नव्वद-ब्याण्णवची गोष्ट असंल. कोल्हापुरातलं एक जुनं थेटर पाडत होते आणि आमच्या वडलांनी, म्हणजे आबांनी, त्याच्या छपराच्या लोखंडी कैच्या, म्हणजे पत्रे पेलणारे तिकोनी सांगाडे, स्वस्तात उचलल्या. नटबोल्टच्या होत्या, त्यामुळं न कापता सुट्या झाल्या आणि तशाच आमच्या नव्या भिंतींवर चढल्या. आईला स्लॅबच पाहिजे होता. तिनं आबांशी बोलणंच टाकलं.

मग एका दुपारी दोघं आडवी पडलेली. पत्र्याच्या भोकातून उन्हाची तिरीप आलेली, तिच्यात धूळ तरंगत होती. आई वर बघत स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "त्या कैचीतली ती वाकडी पट्टी मी बघितलीया. लगीन झाल्यावर पिच्चरला गेलतो की, तिथं."

आबा म्हणाले, "पिच्चर सोडून छप्पर बघत होतीस व्हय?"

"पुढच्या पावण्याचा फेटा केवढा होता. मशीनच्या उजेडात नुसतं छप्परच दिसायचं. शेवटी काय झालतं हो त्या पिच्चरात?"

आबा तिच्याकडं कुशीवर वळले.

"मला काय ठावं," म्हणाले, "मी तुझ्याकडं बघत हुतो."