ब्रेकवरचा पाय

सोमवारी मी लंगडत शाळेत आले होते. तुम्ही कुणी विचारलं नाही, म्हणून मीच सांगते.

दादा शिकायला लातूरला गेल्यापासून मुदखेडच्या आमच्या गॅरेजमध्ये पप्पांच्या मदतीला कुणी नाही. रविवारी एका जुन्या जीपच्या क्रँकचा पुढचा मोठा नट निघेना. पाना फिरवला की नटाबरोबर इंजिनच फिरायचं. तेव्हा पप्पांनी पहिल्यांदाच मला कामासाठी हाक मारली.

"गाडी गिअरमध्ये हाय. तू आत बसून ब्रेक दाबून धर, म्हंजी इंजिन फिरणार न्हाई."

मला इतका आनंद झाला की मी दोन्ही पायांनी ब्रेक दाबला. उघड्या बॉनेटमुळे पुढचं दिसत नव्हतं, नुसतं ऐकू येत होतं. पप्पा आणि शेजारचे सलीमचाचा पान्याला लांब पाइप घालून ओढत होते.

"जोर लावा की मिस्त्री! नाश्ता न्हाई का केला?"

"तुम्ही नुसते लटकू नका, चाचा. ओढा!"

कट्ट आवाज आला. "सुटला!" दोघं एकदम ओरडले आणि हसत समोरच्या हॉटेलात चहाला गेले.

मी तशीच बसले. पोटऱ्यांत गोळे आले, तरी ब्रेक सोडला नाही.

बऱ्याच वेळानं पप्पा फडकं घ्यायला जीपमध्ये डोकावले. "अगं, तू हितंच? चाचा, ही अजून ब्रेक दाबून बसलीय!"

चाचा पोट धरून हसले. "बेटी, एक आवाज तरी द्यायचा!"

मीही हसले. आवाज देता आला असता. पण पप्पांना माझी आठवण येऊन ते मला आपणहून चहाला बोलावतात का, ते मला बघायचं होतं.