टुंपाचं माहेर

"पिशवी जरा तिकडे घ्या ना, बाई. माझ्या साडीवर पाणी गळून राह्यलंय."

"मासे हायेत, सिस्टर. वकीलसाहेबासाठी आणले."

"मिशनचे वकील शाकाहारी आहेत, निभाबाई."

आष्टीहून चंद्रपूरला निघालेल्या एसटीत दोघी माझ्या पुढच्याच बाकावर होत्या. म्हातारी मुलचेऱ्याकडच्या बंगाली वस्तीतली, सिस्टर चर्चची.

"आता नीट सांगा. टुंपाला पुण्यात काऊन धरलं?"

"बांधकामाच्या साइटवरून मले फोन केला, बंगालीत बोलली. पोलीस म्हनते, बांगलादेशी हाय. माही सून हाय ना जी!"

"नियम आता फार कडक झालेत, बाई. तिला सीमेपार सोडून देतील. म्हणून तर मी तिच्यासाठी शपथेवर बोलणार आहे. तिचं माहेर कुठलं?"

"आमच्याच गावचं."

"कोणतं घर?"

"ते... तळ्याजवळचं. ते लोक आता नाई राहत तिथी."

"कुठे गेले?"

"गेले कुठी तरी कामाले."

"निभाबाई, मी खोटं बोलले तर वकीलही तिला सोडवू शकणार नाहीत."

"खोटं काऊन बोलसान तुमी?"

"जमाईषष्ठीला तुमच्या वस्तीतले सारे जावई सासरी जेवायला जातात. दरवर्षी पाहते मी. तुमचा मुलगा सुकांत कुठे जातो?"

"घरीच जेवते."

"दरवर्षी?"

"मीच रांधतो त्याच्यासाठी. सासूवानी पंखा घालतो, वाढतो."

"पण तिची आई का नाही बोलवत?"

बाईंनी पदर तोंडाशी धरला. कंडक्टर तिकीट देऊन पुढे गेला, तशा त्या सिस्टरकडे वाकल्या.

"तिची आई तिकडं हाय, सिस्टर. बांगलादेशात. टुंपा तिकडचीच हाय."