ताजवरच्या नावानं बोललेलं इंग्रजी

— ती वही आधी मीट, मग बोलू. सरकारकडून आलीस म्हणतेस, मग इंग्रजीच्या क्लासवाल्यांनी माझा पत्ता तुला कसा दिला? सरकारनंच हजेरीमागं, पास होणाऱ्यामागं पैसे देऊन क्लास त्यांना चालवायला दिलाय, म्हणजे तुम्ही एकाच ताटात जेवणारे — हसू नकोस. आपल्या अफगाण हजारा लोकांतली पोर दिसतेस, 'खाला' म्हणालीस, मावशी केलीस, म्हणून आत घेतलं. गेल्या साली एक गोरा तपासायला आला, तर आदल्या दिवशी मॅनेजरबाईनं, त्या लिनेटनं, आम्हा बायकांकडून उत्तरं घोकून घेतली. खूश होऊन गेला बिचारा. तू कुणाला खूश करायला आलीस? चहा घे.

क्लास चांगला आहे, लिही. शिकवणारी मुलगी गुणाची आहे... ताजवर? शेजारीण माझी, भिंतीला भिंत. यायची की — रोज यायची. म्हणजे, मुलीच्या बाळंतपणाला अ‍ॅडलेडला गेली होती थोडे दिवस. बरं, चार महिने. मग हजेरीवर सह्या कुणाच्या? मला काय विचारतेस! लिनेट मला म्हणाली, 'नेकबख्त, तिचं नाव कापलं जाईल, तू कर सही.' केली. शेजारणीसाठी एवढंही करू नये?

काय? माझ्या नि ताजवरच्या, दोन्ही तोंडी परीक्षांत एकच आवाज? — हं. म्हणजे ते ऐकूनच आलीस. आणि चहा पीत बसलीस माझा! हो, मीच. लिनेटनं आवाज टिपायचं यंत्र पुढं ठेवलं, म्हणाली, आता तू ताजवर. मी बोलले — नाव, घराचा पत्ता, डॉक्टरला फोन कसा करायचा, सगळं. अशी बोलले की लिनेटनं टाळ्या वाजवल्या. साठ वर्षांत माझ्यासाठी कुणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या गं.

ताजवर परत आली, तर कागदावर पास. लिनेट म्हणाली, कॉम्प्युटर सांगतो इंग्रजी आलं, आता तुझा क्लास बंद. ताजवर वर्गाच्या दारात उभी राहून हातवारे करत होती — येत नाही, मला येत नाही. आणि मी? मी पुस्तकात डोकं घालून बसले.

दोन महिन्यांनी तिचा नवरा बाथरूममध्ये कोसळला. हिनं अ‍ॅम्ब्युलन्सला फोन लावला — तिकडून विचारतायत काय झालं, कुठं राहता, आणि ही नुसती 'हॅलो, हॅलो'. दुभाषी द्या म्हणायलाही शब्द नाही. मला इकडं ऐकू येत होतं. वाटलं, मुलीशी बोलतेय. ती माझ्या दारावर धडकली तेव्हा कुठं कळलं. माणूस वाचला, उजवं अंग गेलं. आता त्याला घास भरवताना म्हणते, 'मेल्या कॉम्प्युटरनं घोळ घातला, नेकबख्त.' मी मान डोलावते. रोज डोलावते.

सही? या जबाबावर, माझी? केली तर तिला परत क्लासमध्ये घेतील? — 'बघू' म्हणू नकोस, सरकारी माणसं नेहमी बघूच म्हणतात. नीट सांग... बरं. वाच आधी, काय लिहिलंयस. हो. असंच झालं. लिनेटचं नाव टाकलंस, माझंही टाक, पूर्ण टाक. दे पेन.

झालं? मग ऊठ आता. मला शेजारी जायचंय. सरकारचं पत्र ताजवरकडं जायच्या आत तिला माझ्या तोंडून कळू दे.