लहान मुलं असलेल्यांनी आधी

— नाही, नाही, बसा हो तुम्ही. ती आपल्यालाच बोलावतेय, पण बसा. लहान मुलं असलेल्यांनी आधी यावं, असंच म्हणतेय ना? कळलं मला, पस्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलंय, एवढं इंग्रजी समजतं. जाऊ दे पुढच्या मंडळींना. त्या जुळ्यांच्या आईला जाऊ दे, बिचारीला दोन हात पुरत नाहीयेत. आणि ऐकलंत ना — त्या काउंटरवरच्या पोरीने तर तुम्हाला बापच करून टाकलं. डॅडनेसुद्धा यायला हरकत नाही, म्हणाली. हसताय काय, तुमच्या मांडीवर झोपलाय म्हटल्यावर ती तरी काय समजणार? मी मेली नुसती कागद शोधायला म्हणून तुमच्याकडे दिला आणि हा गडी झोपला की. अनोळखी माणसाच्या मांडीवर असा झोपतो — कुणाकडेही जातो हो हा. कुणाकडेही जातो. तेच तर.

नाव काय म्हणालात? क्षितिज. वेलिंग्टनला असतोस का — तू म्हटलं तर चालेल ना? माझ्या विद्यार्थिनींची मुलं तुझ्याएवढी असतील. सुट्टीवर निघालास? बरं, बरं. बहिणीचं लग्न. चांगलं आहे. मग तू जा हवं तर पुढे, माझ्यासाठी खोळंबू नकोस. नाही म्हणजे — थांबलास तर बरं. दोन मिनिटं. विमान काही पळून जात नाही, अजून अख्खी रांग चढायची आहे.

सापडला कागद. हा बघ. "आमचा मुलगा आरव, वय अकरा महिने, याला त्याची आजी श्रीमती सुमती यांच्याबरोबर भारतात जाण्यास व तेथे राहण्यास आमची संमती आहे." खाली दोघांच्या सह्या, माझी विभावरी आणि जावई, परेश. शनिवारी बॉटनी भागातल्या लायब्ररीत एक म्हातारे गृहस्थ बसतात ना, साक्षीची सही करायला, शिक्का मारायला — त्यांच्याकडे गेलो होतो आम्ही सगळे. त्यांनी शांतपणे वाचलं सगळं. विचारलं, किती दिवसांसाठी? परेश म्हणाला, तीन वर्षांचा होईपर्यंत. तेव्हा त्या माणसाने पेन खाली ठेवलं. खरंच, टोपण लावून खाली ठेवलं, आणि विभाकडे बघून विचारलं, तुला हे मनापासून चालणार आहे का, बाळ? यस, थँक्स, म्हणाली. मी तिच्या शेजारी बसले होते. तिचा गुडघा टेबलाखाली नुसता हलत होता. मला दिसत होता. मी म्हणू शकले असते ना त्या वेळी? मी काय केलं, तर पर्समधून त्याचं बिस्किट काढलं.

आता असं करतात म्हणा पुष्कळ जण. अवोन्डेलच्या रविवारच्या बाजारात मेथीची जुडी निवडता निवडता सांगतात बायका, आमची नाशिकला होती, आमचा साताऱ्याला होता, आई-बाबा सांभाळतात, पायावर उभं राहिलो की घेऊन आलो. दोघांच्या नोकऱ्या, घराचे हप्ते, करणार काय? त्यातली एक प्रणिता म्हणून आहे, ती सांगत होती, तिची मुलगी अडीच वर्षांची होऊन परत आली. तिला विचारलं, मम्मी कुठे, तर ती फोनकडे बोट दाखवायची. आई समोर उभी, आणि ही फोनकडे बोट दाखवतेय. प्रणिता हसत हसत सांगत होती रे. हसत होती आणि मेथी निवडत होती, आणि मी बघितलं, चांगली पानं टाकत होती आणि काड्या पिशवीत भरत होती. विभा माझ्या शेजारीच उभी होती.

पण आमच्याकडे तसं नव्हतं. म्हणजे पाठवायचं ठरलंच नव्हतं. विभाने कामावर जायच्या आधी दोन महिने पाळणाघर शोधलं होतं, घरापासून सात मिनिटांवर. कुंपणाला फुलपाखरं रंगवलेली. हा नऊ महिन्यांचा झाला तेव्हा घातला तिथे. तो तिथे, मी घरी, दुपारी आणायला जायची मी. आणि मग माझा व्हिसा संपला की मी परत पुण्याला. असं ठरलं होतं. एकटीने परत.

तिथे शकु म्हणून एक बाई होती, फिजीची, तिची हिंदी ऐकून मला मौज वाटायची. जाडजूड, पायात जँडल्स, म्हणजे आपल्या रबरी चपला, मोठमोठ्याने गाणी म्हणायची. चार दिवसच गेला हा तिथे. चौथ्या दिवशी — नको, ते राहू दे. परत बोलावतायत का? आता कुठल्या रांगा? मागच्या. आपली पुढची आहे, पाळण्याची जागा मिळालीये ना. परेशने आठ वेळा फोन करून मिळवली. फार व्यवस्थित मुलगा. माझ्यावर रागावला नाही कधी. आई, यू आर डूइंग हीप्स फॉर अस, म्हणाला गाडीत. हीप्स. म्हणजे ढीगभर.

त्याचं डोकं जरा वर घे, मान अवघडेल. हां, असं. सवय दिसतेय तुला. भाचा आहे? वाटलंच.

क्षितिज, तुला अंगावरचं तोडणं म्हणजे काय माहीत आहे? नसणारच. आईचं दूध बंद करणं. दहा दिवस झाले. रात्री हा रडायला लागला की मी बाटली घेऊन उठायची, आणि विभाने त्या खोलीत जायचं नाही, असा नियम केला आम्ही. मीच केला. माझी आईसुद्धा असंच सांगायची, जवळ घेतलंस की पान्हा फुटतो, मग ते तुटत नाही. ती बिचारी भिंतीपलीकडे. कोबीची पानं ठेवायची छातीवर, गार करून, कुणी सांगितलं होतं तिला. मग काल म्हणाली, आता नाही येत गं काही, संपलं. मला बरं वाटलं. आज मघाशी त्या दारापाशी, जिथून पुढे सोडायला आलेल्यांना येऊ देत नाहीत ना, तिथे आम्ही उभे. परेश सामानाचं समजावतोय मला. हा माझ्या कडेवर. आणि ह्याने हात पुढे केले तिच्याकडे, रोजच्यासारखे, काही विशेष नाही. तिने घेतलं नाही. नियम ना. घेतलं असतं तर दिला नसता परत. नुसती बोटं धरली त्याची. आणि तिच्या शर्टावर दोन डाग उमटले ओले. बघता बघता एवढे मोठे झाले. तिने घाईघाईने जाकीट ओढून घेतलं पुढून, आणि मला म्हणाली, आई, याच्या कानात वारं जाऊ देऊ नकोस. मला असं वाटलं — काय सांगू. मी पस्तीस वर्षं बाकावर बसलेल्या मुलींची खोटी उत्तरं डोळ्यांवरून ओळखली. आणि माझ्याकडे मात्र कुणी बघितलं नाही.

खोटं म्हणजे — थांब, सांगते. आता अर्धं तुझ्यासमोर आलंच आहे.

पहिल्या दिवशी मी पाळणाघरात गेले ना, तेव्हा हा शकुच्या मांडीवर बसला होता. तोंडभर खिमट, नाकाला लागलेलं, आणि हसतोय. ती गाणं म्हणतेय आणि हा तिच्या गळ्यातली माळ ओढतोय. मी हाक मारली. बघितलं माझ्याकडे आणि परत माळेकडे. दुसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी मी घ्यायला गेले तर माझ्याकडे येईना. रडला. मी घेतल्यावर रडला, क्षितिज. मी तशीच त्याला बाबागाडीत घालून घरी आले आणि संध्याकाळी विभाला सांगितलं, रडून रडून आवाज बसला होता बाळाचा. कोपऱ्यात ठेवला होता, ओला. कुणी बघत नव्हतं. असं सांगितलं मी. अगदी बारीकसारीक तपशिलासह. मोजाही निघाला होता एका पायातला, म्हणून सांगितलं.

का? अरे, का म्हणजे — तुझी आई आहे ना घरी, वडील आहेत? आहेत ना? मग तुला कसं सांगू. आमचे हे, चंद्रहास, गेले त्याला चौदा महिने झाले. हा तेव्हा पोटात होता. विभाला विमानाने येऊ दिलं नाही डॉक्टरांनी. तेरावं झालं, माणसं गेली आपापल्या घरी. आणि मग एकदा काय झालं, पाऊस होता, कामवाली आली नाही, कुणाचा फोन नाही, मी चार दिवस बाहेरच पडले नाही. पाचव्या दिवशी दूधवाल्याने बेल वाजवली, मी दार उघडून पैसे किती म्हणून विचारायला गेले, तर आवाजच फुटेना. घसा बिसा काही धरला नव्हता. वापरलाच नव्हता आवाज चार दिवस. तो माणूस घाबरला माझ्याकडे बघून. त्या दारात परत जायचं होतं मला. तारीख ठरलेली, तिकीट काढलेलं. आणि इथे हे बाळ मला सोडून दुसऱ्याच बाईच्या मांडीवर हसतंय. मी काही ठरवून नाही बोलले रे. एकदा बोलले, आणि विभा जी रडायला लागली, मग मागे कसं घेणार? दुसऱ्या दिवशी नाव काढलं तिथून. तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, मी नेते ना त्याला. माझ्याजवळ राहील, वरणभात खाईल, मराठी बोलेल. तिने किती आभार मानले माझे. आई, तू होतीस म्हणून, म्हणाली.

आणि त्या शकुबद्दल परेशने पत्र लिहिलं तिथे. व्यवस्थित मुलगा, म्हटलं ना. दोन पानी. तिला तिथून हलवलं म्हणे, लहान मुलांकडून स्वयंपाकघरात. तिचा फोन आला होता घरी, मीच उचलला. तिने एवढंच विचारलं, माँजी, आमचं काय चुकलं ते तरी सांगा, पुढच्या वेळी नाही करणार. मी राँग नंबर म्हणून ठेवून दिला. राँग नंबर. तिने मला माँजी म्हणून हाक मारलेली असताना.

बघ, ती आली परत. हो, हो, येतोय म्हणावं. ग्रँडमाला मदत हवी का विचारतेय. मुलं असलेल्यांना आधी सोडतो, म्हणतेय, आणि तुम्हीच शेवटी राहिलात. खरंय तिचं. मघाशी पहिल्यांदा पुकारलं तेव्हाच गेले असते मी तर आतापर्यंत पट्टा बांधून बसले असते. उठायला गेले होते, तू बघितलंस. परत बसले. मला वाटलं, ही सगळी माणसं चढेपर्यंत काहीतरी होईल. कुणीतरी येऊन म्हणेल, हा कागद चालत नाही. चालतो रे कागद. सगळीकडे चालला.

विभा आणि परेश अजून वरच आहेत, विमानं दिसतात तिथे काचेपाशी. विमान उडेपर्यंत हलणार नाहीत. आपली माणसं हलतात का कधी? चिवड्याचा डबा परत नेतील, माझं सामान जास्त झालं म्हणून काढला होता.

तुझ्याकडे फोन आहे ना? माझ्याकडचा परेशला देऊन टाकला, पुण्यात चालणार नाही म्हणून. लाव ना. सांगते नंबर, शून्य दोन एक — थांब, तूच दाब आकडे. पुढे चार, चार, सात — हां. वाजतोय? दे. नको, तू त्याला सांभाळ, मी धरते फोन.

विभा? मी बोलतेय. नाही, नाही, तो झोपलाय. नाही चढले अजून. काही झालं नाही त्याला. ऐक. तू रडू नकोस, आधी ऐक माझं. पाळणाघराचं मी जे सांगितलं ना तुला, तसं काही नव्हतं. कोपऱ्यात नव्हता तो. त्या बाईच्या मांडीवर होता. हसत होता, विभा. चारही दिवस हसत होता. मला एकटीला जायचं नव्हतं गं.

विभा?

ठेवला नाहीये, क्षितिज. आहे फोनवर. श्वास ऐकू येतोय.

त्या पोरीला सांग, आम्ही दोघं येत नाही. सामानाचं त्यांना काय करायचं ते करू देत. आणि दे त्याला माझ्याकडे — असाच, उठवू नकोस. आता जा तू. जा बाळा, तुझं विमान चुकेल. ती जे काय बोलेल ते मला एकटीलाच ऐकू दे.