नऊ डोहांच्या राज्यातली माणसं

— हसलात तरी चालेल काका, पण मान नका वळवू. मगर कुठे पळून जात नाही, तासन्‌तास तशीच पडून असते, मला विचारा! काय काढतेय? तुम्हालाच काढतेय. नावाडी करणार आहे तुमचा, नऊ डोहांच्या राज्यातला — अहो, खरं राज्य नाही, खेळ आहे. टेबलाभोवती चार-पाच जण बसतात, एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात — कुणी शिकारी, कुणी वैदू — आणि फासे टाकून ठरवायचं, वाचलात की मेलात. लहान मुलं कसली, आयटीतली चांगली दाढी पिकलेली माणसं खेळतात! तर त्या राज्याचं जाडजूड पुस्तक असतं आणि त्यातली चित्रं माझी. किल्ले, नद्या, डोहातला राक्षस — सगळं मी, वारज्यात दोन खोल्यांत बसून.

आवडली? आवडली की. राक्षसावर तर पुस्तकवाले फिदा झाले. माणसांची चित्रं मात्र परत आली. सव्वीसच्या सव्वीस! शुभंकर म्हणून आहे, कर्वेनगरात त्याचं ऑफिस, पुस्तक तोच काढतोय — सभ्य माणूस, ओरडला नाही, नुसती सगळी चित्रं ओळीनं मांडली आणि म्हणाला, उत्कर्षा, हा एकच माणूस आहे. मी म्हटलं, काहीतरीच! हा राजा, हा जकातदार, ही चेटकीण — आणि बघते तर खरंच. तेच कपाळ, भुवईवर तीच खोक, चेटकिणीला सुद्धा बाबांची हनुवटी. आज सहाच्या आत एक तरी दुसरा माणूस काढून दाखव म्हणालाय, नाहीतर काम दुसऱ्याकडे. पुस्तक छापायला जायचंय, त्याचं तरी काय चुकलं? आठ दिवस बसलेय, कुणालाही काढायला घेते, ओठांपर्यंत येते आणि बाबा होतात. म्हणून म्हटलं, समोर जिवंत माणूसच बसवावा. डोळे जरा वर.

बाबा? असतात ना. म्हणजे — आमचे बाबा नागोराव, मूळचे हिंगणघाटचे, आई गेल्यावर मी त्यांना इकडे आणलं. विसरायचे. आधी चष्मा, मग घर, मग माझं नाव. पण बसवलं तिथे बसायचे, एवढं होतं. मार्चमध्ये त्यांना इथे, ह्या प्राणीसंग्रहालयात घेऊन आले — त्यांनाही बरं वाटेल, माझंही काम होईल, एक पंथ दोन काज, काय ती हुशारी! राक्षसाची कातडी जमत नव्हती, मगर बघायची होती. ह्याच बाकावर बसवलं. म्हटलं, बाबा, दहा मिनिटं. म्हणाले, "जा बाई, मी आहो इथंच." आणि मगरीनं नेमका तेव्हाच डोळा उघडला. पाहिलाय कधी तुम्ही? आधी एक आडवा पडदा सरकतो, मग — सोडवेना हो. दहाची चाळीस मिनिटं झाली. चाळीस कसली, दीड तास. वळून बघते तर बाक रिकामा. पोलिसांना चाळीस सांगितली होती मी. हे कुणाला बोलले नव्हते आजवर.

पोलिसांनी विचारलं काय, तर शर्ट कुठला होता. साधा प्रश्न! मगरीच्या पापणीची कडा कुठे पिवळी, कुठे हिरवट, विचारा, आत्ता सांगते — आणि ज्याची बटणं सकाळी मी माझ्या हातांनी लावली, त्या शर्टाचा रंग मला सांगता येईना. चित्रकार म्हणे! हवालदार बिचारा पेन धरून थांबला. शेवटी लिहिलं, फिकट. आता मी आधी शर्टच बघते सगळ्यांचे. तुमचा पिस्ता रंगाचा, दुसरं बटण वेगळ्या दोऱ्यानं लावलंय, खिशाला शाईचा डाग. सात महिने झाले, काका. कात्रज, स्वारगेट, सगळी हॉस्पिटलं — कुठे कुठे शोधू? लोक म्हणतात, मन घट्ट कर. कसं करायचं ते कुणी सांगत नाही. आणि शुभंकरला ‘काहीतरीच’ म्हटलं ना मी, तेही पूर्ण खरं नाही — पहिला नावाडी मुद्दामच बाबांचा काढला होता. वाटलं, पुस्तक गावोगाव जाईल, कुणीतरी पान उलटेल आणि म्हणेल, अरे, हा म्हातारा तर आपल्या स्टँडवर बसतो. बाकीचे मग आपोआप होत गेले.

झालं. बघा. नाक तुमचं, गाल तुमचे, भुवई — भुवई सलग आहे. खोक नाही. जमला की हो! बाबा नाहीत हे. आता ह्याचा फोटो शुभंकरला पाठवला की — थांबा. बाबांची खोक कुठल्या भुवईला होती? डाव्या. डाव्या म्हणजे त्यांच्या डाव्या, की मी समोरून बघते तेव्हा माझ्या डाव्या? सव्वीस वेळा काढली मी, हात आपला जायचा तिथे — आणि आता — अरे देवा, कुठल्या?

काही नाही. उठा तुम्ही. उठा म्हणते ना! चित्र घेऊन जा, मला नको ते, सहा वाजले तर वाजू देत. राग नाही हो तुमच्यावर, पण ही जागा त्यांची आहे, इथंच आहो म्हणाले होते. ते आले आणि बाकावर दुसराच कुणी बसलेला दिसला, तर परत जातील. उठा काका. पलीकडे बाक आहे, तिकडे बसा.