तीन पेडलं

वाद्यांच्या दुकानात शाळेचा माईक दुरुस्तीला घेऊन आलेल्या बाईंच्या पुढे दोघं भाऊ उभे होते. थोरल्याच्या खांद्याला गिटार होती. काउंटरवर गिटारचा आवाज बदलायची, पायानं दाबायची पेडलं मांडली होती.

"दादा, स्टेजवर तीन पेडलं पुरे. एक सूर लावायचं, एक आवाज फाडायचं, एक घुमवायचं."

"आणि आवाज वाढवायचं? माझा सोलो मागच्या रांगेपर्यंत पोचायला नको?"

"नको म्हटलं ना."

"अरे, परवा काय घुमला होता!"

"फक्त तुझ्या पायाजवळच्या स्पीकरमध्ये. बाहेर लोकांना कीबोर्डवाल्याचा सोलो ऐकू जातो."

"काहीतरीच काय बोलतोस?"

"तुझी बोटं थरथरायला लागली तेव्हापासून. दोन वर्षं झाली, दादा."

"साउंडवाल्याला माझा आवाज बंद करायला कुणी सांगितलं?"

"मीच."

"मग सरळ काढून टाकायचंस मला!"

"वहिनीनं हात जोडले. म्हणाली, घरी बसवू नका त्यांना."

"म्हणजे तिलाही माहीत आहे."

बाईंनी उगाचच माईकची वायर गुंडाळायला घेतली.

"बोला साहेब, कोणकोणती देऊ?" दुकानदारानं विचारलं.

"सूर लावायचं तेवढं द्या," थोरला म्हणाला. "ते दाबलं की सूर लावेपर्यंत गिटारचा आवाज बंद होतो ना? निदान बंद तरी माझ्या पायानं होऊ दे."