नव्या पाळकबाई आणि लोइसचा भाऊ

अमेरिकेत व्हरमाँटमधल्या आमच्या छोट्या युनिटेरियन चर्चमध्ये नव्या पाळकबाईंचा तो पहिलाच रविवार होता. आमच्या पंथात देव मानलाच पाहिजे अशी अट नाही. उपासना संपल्यावर मी कॉफीच्या रांगेत उभा होतो. माझ्या मागे लोइस आणि पाळक निवडणाऱ्या समितीतली व्हर्ना बोलत होत्या.

"व्हर्ना, बाई चक्क 'देव' म्हणाल्या."

"म्हणाल्या असतील. आपल्याकडे बंदी आहे का?"

"इथले अर्धे लोक देव मानत नाहीत."

"आणि उरलेले मानतात! आधीचे पाळक देवाचं नावच घ्यायचे नाहीत, तर ते रुक्ष म्हणून तूच ओरडायचीस. आता माणूस आणायचा तरी कुठून?"

"चिडू नकोस गं."

"चिडू नको तर काय करू? बाईंसाठी हात तूही वर केलास ना?"

"केला. पण काल त्या हॉस्पिटलात गेल्या, आमच्या अ‍ॅल्डनला भेटायला."

"मग चांगलंच केलं की!"

"त्याने त्यांना प्रार्थना करायला सांगितली. जन्मभर देवाची टिंगल करणाऱ्या माझ्या भावाने! त्यांचा हात धरून 'आमेन' म्हणाला."

"मग तुला राग कसला आलाय?"

"महिनाभर मी त्याच्या उशाशी बसलेय, व्हर्ना. मला नाही सांगितलं त्याने."

"सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस?"

"हसले असते."

"बघ."

"आज दुपारी पुन्हा यायच्यात त्या. मी काय करू, बाहेर जाऊन बसू?"

"बाहेर कशाला? त्याला दुसरा हात आहे ना, तो धर."